आजोबांचा मीटर, बाबांची आंघोळ

आमच्या मीटरचे मालक १९८६ साली वारले. वीज कंपनीला ही बातमी अजून पोचलेली नाही. नावबदलाला मृत्यूचा दाखला, घराचा उतारा आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, असं बाबांना कुणीतरी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे सगळ्या वारसांच्या सह्या एका कागदावर यायच्या म्हणजे आधी दोन आत्यांमधला अबोला संपायला हवा, आणि तो वीज कंपनीपेक्षा जुना आहे. त्यामुळे दप्तरी आजोबा हयात आहेत. दर महिन्याला त्यांना बिल येतं, ते मुदतीच्या आत भरलं जातं, थकबाकी शून्य. इतका सरळ ग्राहक जिवंत माणसांत सापडणं अवघड.

आता या आजोबांच्या नावावर स्मार्ट मीटर बसला आहे. ज्या माणसानं आयुष्यभर चाळीसच्या बल्बवर भागवलं आणि रेडिओ फक्त बातम्यांपुरता लावला, त्याचा तासातासाचा वीजवापर मोबाइलवर दिसू लागला आहे. त्यावरून आजोबा भल्या पहाटे गीझर लावतात, दुपारी वॉशिंग मशीन फिरवतात आणि रात्री साडेबारापर्यंत एसीत बसतात. गेल्यापासून त्यांची राहणी बरीच सुधारली म्हणायची.

हा मीटर काही एकट्या आमच्या साताऱ्यात आलेला नाही. केंद्र सरकारनं २०२१ साली योजना आणली आणि देशभरात २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचं ठरवलं. मूळ बेत प्रीपेडचा होता, म्हणजे आधी पैसे आणि मग पंखा. महाराष्ट्रात त्यावरून मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, आणि जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकाकडे प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारनं सांगून टाकलं. पुढच्या वर्षी टीओडी, म्हणजे 'टाइम ऑफ डे', मीटर आले. बिल नेहमीसारखं महिन्याच्या शेवटी, फक्त कोणत्या वेळी किती वीज वापरली त्याचीही नोंद. 'प्रीपेड' हा शब्द परत गेला, मीटर मात्र जिन्याखाली येऊन बसला.

तो यायच्या आधी आळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं चारित्र्य येऊन धडकलं होतं. त्यात कॅमेरा असतो, तो घरातलं बोलणं ऐकतो, त्याच्या लहरींनी कढीपत्ता वाळतो. समोरच्या काकूंचा कढीपत्ता खरोखरच वाळला होता, पण तो मीटरच्या दोन महिने आधी. काकूंचं म्हणणं, मीटर यायचा होता हे झाडाला आधी कळलं असणार.

खरं सांगायचं तर मीटरमध्ये कॅमेराही नसतो आणि कानही नसतात. असतं एक मोजमापाचं यंत्र, मोबाइलमध्ये असतं तसं सिमकार्ड किंवा शेजारच्या मीटरशी बोलणारा छोटा रेडिओ, आणि लांबूनच पुरवठा तोडता-जोडता येईल असा स्विच. कुणी झाकण उघडलं, लोहचुंबक लावलं, न्यूट्रलशी खेळ केला, की तो तारीखवेळेसकट लिहून ठेवतो. आणि दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासानं तेवढ्या वेळात किती वीज गेली ते टिपतो. एवढंच. यात भिण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटलं होतं. मग मी आमचा आलेख पाहिला.

मोबाइलवर चोवीस उभे खांब. रात्री एकपासून पाचपर्यंत सगळे खांब बुटके, ०.१ युनिट, फार तर ०.१२. हा फ्रिज आणि राउटर. आठच्या पुढे मिक्सर, इस्त्री, बोअरची मोटर, सगळं आपापल्या जागी. पण पाच ते सहा या खांबाजवळ माझं बोट थांबलं. ०.८. त्या बुटक्या ओळीत तो एकटाच अजिंक्यताऱ्यासारखा उभा होता. आमचा गीझर २००० वॅटचा आहे. वीस मिनिटं चालला की दोनतृतीयांश युनिट. पहाटे पाच ते सहा या वेळेत आमच्या घरात एकच माणूस जागा असतो.

इथे बाबांच्या आंघोळीविषयी थोडं सांगायला हवं. आमचे बाबा बारा महिने गार पाण्यानं आंघोळ करतात. हे ते स्वतः सांगतात, आणि लग्नात, मुंजीत, तेराव्याला, डॉक्टरच्या दवाखान्यात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगतात. साताऱ्यातल्या डिसेंबरात सांगतात. गार पाण्यानं रक्ताभिसरण कसं सुधारतं, आजच्या पिढीला सर्दी का होते, आणि माहुलीच्या घाटावर त्यांचे वडील, म्हणजे मीटरचे विद्यमान मालक, कसे बुडी मारत, असा तो सगळा विषय आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ या विषयाखाली वाढलो. गीझरचं बटण लावताना आजही आम्ही मागं वळून पाहतो.

आणि मीटर म्हणत होता ०.८. काल, परवा, त्याच्या आदल्या दिवशी. रविवारी ०.९, कारण रविवारी डोक्यावरून.

मी आईकडे मोबाइल धरला. तिनं चष्मा लावला, पाहिलं, आणि चष्मा काढला. "मला काय दाखवतोस," ती म्हणाली. "मी सव्वासहाला आंघोळीला जाते तेव्हा गीझरमध्ये पाणी तापलेलंच असतं. गीझर बसवला तेव्हापासून."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं त्यात?"

इथे मला प्रश्न नीट कळला. स्मार्ट मीटरच्या खासगीपणावर जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की आपली गुपितं कुणाला ठाऊक नसतात आणि मीटर ती फोडतो. आपल्या घरांत असं नसतं. आपल्याकडे सगळ्यांना सगळं माहीत असतं. खासगीपण शिल्लक राहतं ते समोरचा माणूस माहीत असून विचारत नाही म्हणून. आईला वर्षानुवर्षं जे माहीत होतं तेच मीटरला एका रात्रीत कळलं. फरक इतकाच की मीटरला गप्प बसता येत नाही. त्याला तेवढ्यासाठीच नेमलेलं आहे.

मीटरवरून घरातलं ओळखायच्या या विद्येची सुरुवात अमेरिकेतली. एमआयटीत असताना जॉर्ज हार्ट या संशोधकानं १९८० च्या दशकात दाखवून दिलं की घराबाहेरच्या एका मीटरवरून आत कोणकोणती उपकरणं चालू-बंद होतात ते ओळखता येतं. फ्रिज एका पट्टीत चढतो, गीझर दुसऱ्या, पंप सुरू होताना उसळी घेतो. प्रत्येकाची चाल वेगळी. गंमत अशी की याच गृहस्थानं १९८९ साली एका लेखात इशाराही दिला की ही विद्या पाळत ठेवायला वापरली जाऊ शकते. पुढे ते भूमितीवर आधारलेली शिल्पं करू लागले. लोकांच्या गीझरपेक्षा बहुपृष्ठक बरे, असं त्यांना वाटलं असल्यास मी त्यांना दोष देणार नाही.

जर्मनांनी याच्याही पुढचं करून दाखवलं. म्युन्स्टरच्या संशोधकांनी २०११ साली दोन-दोन सेकंदांच्या नोंदी देणारा मीटर घेतला आणि टीव्हीवर कोणता चित्रपट चालू आहे ते ओळखून दाखवलं. पडदा उजळला की वीज जास्त, अंधारला की कमी, त्या चढउताराशी चित्रपट जुळवायचा. आमच्या मीटरला हे जमायचं नाही, तो अर्ध्या तासाचा माणूस आहे. शिवाय आमच्या आळीत त्याची गरजही नाही. कुणाकडे कोणती मालिका चालू आहे ते शीर्षकगीतावरून चौकापर्यंत ऐकू येतं, आणि नायिकेला घराबाहेर काढलं की तीन घरांतून एकदम "अगंबाई" येतं.

कोर्टकचेऱ्याही झाल्या. हॉलंडमध्ये २००९ साली वरिष्ठ सभागृहानं सक्तीचे स्मार्ट मीटर खासगीपणाच्या मुद्द्यावर नाकारले. अमेरिकेत नेपरव्हिल नावाच्या गावातल्या नागरिकांनी पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून नगरपालिकेला कोर्टात खेचलं. २०१८ साली अपील कोर्टानं सांगितलं की अशा नोंदी घेणं ही घराची झडतीच आहे, पण ती रास्त झडती आहे. म्हणजे दोघंही थोडेथोडे जिंकले आणि मीटर भिंतीवर राहिला. मला सगळ्यात जवळचा वाटला तो त्याच देशातला २००१ सालचा निकाल. एका घरात दिव्यांखाली गांजा वाढवतात या संशयावरून पोलिसांनी रस्त्यावरूनच भिंतींची उष्णता यंत्रानं मोजली होती. सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं, आणि न्यायमूर्ती स्कालिया यांनी दाखला दिला तो आंघोळीचाच. घरातली बाई रोज रात्री किती वाजता न्हाते हेही असं यंत्र सांगून टाकेल, आणि ते कुणाच्या बाचं काम नाही, असा त्याचा मथितार्थ. गांज्याच्या खटल्यात बाबांच्या बाजूनं निकाल लागलेला आहे, हे त्यांना अजून मी सांगितलेलं नाही.

कुणी म्हणेल, पूर्वी काय वेगळं होतं? पूर्वीही कळत होतंच. जिन्याखालच्या आमच्या जुन्या मीटरवर एक लाल दिवा होता. ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, असं वर छापलेलं. रात्री नुसता फ्रिज असेल तर दिवा दहा-अकरा सेकंदांनी डोळा मारायचा. गीझर लागला की सेकंदाला दोन-दोनदा. शेजारचे निवृत्त मास्तर आमच्या पायरीवर पेपर वाचायला बसत आणि मधूनच म्हणत, "वहिनी, इस्त्री चालू राहिलीय का हो?" राहिलेली असे. तेव्हा आम्ही त्याला पाळत म्हणत नव्हतो, चहा देत होतो.

मग मीटर रीडिंगवाला. तो यायचा तेव्हा जिन्याखाली बॅटरी मारायचा, मीटरचा फोटो काढायचा, आणि तो फोटो बिलावर छापून यायचा. त्या फोटोत काहीही दिसत नसे. काळोखात एक करडा चौकोन, त्यावर एक चकाकी. खासगीपण जपणारी इतकी उत्तम छायाचित्रणकला पुन्हा होणार नाही. घर बंद असलं की बिलावर 'लॉक्ड' आणि अंदाजाचे युनिट. एकदा आम्ही महिनाभर कोकणात होतो, तर अंदाजानं नेहमीपेक्षा वीस युनिट जास्त आले. त्या काळी आपण घरी नसलो तरी घरी असल्याची नोंद व्हायची. चोरांपासून याहून चांगलं संरक्षण नाही. आता उलटं आहे. घराला कुलूप लागलं की खांब बसतात, आणि पुण्याला लग्नाला गेलेलं घर सलग दोन दिवस ०.०८ असं सांगत राहतं.

भारनियमनाच्या दिवसांत तर प्रश्नच नव्हता. आपण कधी अंधारात बसायचं याचं वेळापत्रकच पेपरात छापून यायचं. त्या वेळेत सगळी आळी ओट्यावर, आणि कुणाच्या घरात काय चाललं आहे हे जाणून घ्यायला वीज लागत नसे.

पण मास्तरांत आणि नव्या मीटरमध्ये एक मोठा फरक आहे. मास्तरांना आमची इस्त्री कळायची तशी आम्हाला त्यांच्याकडची भांडणं कळायची. व्यवहार बरोबरीचा होता. इथे एकतर्फी आहे. वीज कंपनीला आमच्या आंघोळीची वेळ कळते. आम्हाला बिलावरचा 'वहन आकार' कळत नाही. 'इंधन समायोजन आकार' म्हणजे काय, तो या महिन्यात का आला आणि मागच्या महिन्यात का नव्हता, हे आमच्याकडच्या पाच माणसांना मिळून सांगता येत नाही. त्यात एक वकील आहे. खासगीपण कुणाचं जास्त जपलं जातंय ते बिल उलटसुलट करून पाहिलं की समजतं.

बाहेरच्यांचं जाऊ द्या. खरी पाळत घरातूनच सुरू होते. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो. आई-बाबांची काळजी तिथून कशी घ्यायची हा त्याचा जुना प्रश्न होता, तो मीटरच्या अ‍ॅपनं सोडवला. त्याच्याकडे रात्र होते तेव्हा आपल्याकडे सकाळ उजाडते, आणि तो झोपण्यापूर्वी आमचे खांब पाहतो.

"आई, आज सकाळी काहीच युनिट नाहीत. बरी आहेस ना?"

"अरे, लाइट नव्हते."

"आई, काल दुपारी दोन ते चार एसी का नव्हता? अडतीस डिग्री होतं तिकडे."

"भिशी होती शेजारी. तिथल्या एसीत बसले होते."

"आणि रात्री अकरानंतर एकदम दीड युनिट?"

यावर आई काही बोलली नाही. रात्री अकरानंतर माझा मुलगा मित्रांबरोबर इंडक्शनवर मॅगी करतो, हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे मुलालाही माहीत आहे. फक्त त्याच्या आईला माहीत नाही असं आम्ही सगळे मिळून धरून चाललेलो आहोत. तीही.

भावाची काळजी खोटी नाही. जपानमध्ये तर झोजिरुशी कंपनीनं २००१ सालीच अशी इलेक्ट्रिक किटली काढली की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं चहाला पाणी घेतलं की लांबच्या मुलाला निरोप जातो. निरोप आला की आई ठीक आहे, नाही आला की फोन करायचा. मला ही किटली आवडते, कारण ती मुलाला एवढंच सांगते की आईनं चहा घेतला. किती वाजता झोपली, कुणाबरोबर घेतला, साखर किती घातली, यात ती पडत नाही. चांगली चौकशी अशीच एका वाक्याची असते. आलेख हाती आला की चौकशीची उलटतपासणी व्हायला वेळ लागत नाही.

याहून नाजूक प्रकरण वरच्या मजल्यावर आहे. वर भाडेकरू आहेत, नुकतं लग्न झालेलं जोडपं. त्यांचा मीटर वेगळा, पण तोही आजोबांच्याच नावावर आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर बाबांचा. बिल ते दोघं भरतात, आलेख बाबांना दिसतो. महाराष्ट्रात लाखो भाडेकरूंची हीच स्थिती असणार. वीज ज्याची तो एक, मीटर ज्याचा तो दुसरा. बाबा वाईट माणूस नाहीत. पण सकाळी चहा घेताना ते सहज म्हणाले, "वरचे रविवारी साडेअकरापर्यंत उठत नाहीत वाटतं." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की बशीतला चहा बशीतच राहिला. तेवढ्यात मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" ते म्हणाले, "खांब." मी म्हणालो, "हो का? आपल्याकडे पहाटे पाचला पण एक खांब असतो." बाबांनी पेपर उघडला. अग्रलेख उलटा होता.

मोबाइलला आपलं सगळं माहीत असताना मीटरला घाबरायचं कशाला, असं बरेचजण विचारतात. प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर आहे. मोबाइल घरी ठेवून बाहेर पडता येतं, मीटर घरी ठेवून घरात राहता येत नाही. मोबाइलची कंपनी आवडली नाही तर बदलता येते, साताऱ्यात वीज एकाच कंपनीची मिळते. आणि मोबाइलला जे सांगायचं ते निदान आपण आपल्या बोटानं सांगतो. मीटरला आपण काहीच सांगत नाही, आपण नुसते जगत असतो.

कायदा आपल्या बाजूनं आहे असं म्हणायला जागा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. त्यात संमतीची भाषा आहे, आणि ती व्यक्तीची संमती आहे. इथेच आमची पंचाईत. मीटरला व्यक्ती कळत नाही, ग्राहक कळतो. ग्राहक क्रमांक एक, माणसं पाच. बाबांच्या पहाटेची, मुलाच्या मॅगीची, आईच्या भिशीची संमती द्यायची कुणी? आजोबांनी. त्याच कायद्यात अशीही सोय आहे की आपल्या मृत्यूनंतर आपले हक्क वापरायला माणूस कुणाला तरी नेमून ठेवू शकतो. आजोबांना हे वेळेत कळलं असतं तर त्यांनी नक्की एखाद्या आत्याला नेमलं असतं, आणि दुसरी आत्या कोर्टात गेली असती.

वीज कंपन्यांचं म्हणणं मी ऐकून घ्यायला तयार आहे. कुठल्या डीपीवर किती भार आहे, कुठे गळती आहे, कुणी आकडा टाकलाय, लाइट कुठे गेली, हे बसल्या जागी कळतं, आणि हे कळणं चांगलंच. पण डीपीचा भार मोजायला डीपीवर मीटर लावता येतो. आमच्या बिलासाठी काय लागतं? १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत लागू झाली. म्हणजे बिलाला दोन आकडे पुरतात, नऊ ते पाचमधले युनिट आणि उरलेल्या वेळेतले. महिन्याचे अर्धे तास होतात १४४०. दोन आकड्यांच्या हिशेबासाठी १४४० आकडे कुणी मागितले, तर साताऱ्याचा वाणीसुद्धा विचारेल, बाकीच्या १४३८ चं काय करणार? बेरीज मीटरनं जिन्याखालीच करावी आणि उत्तर वर कळवावं. आमची शाळेत बेरीज कच्ची होती म्हणून आम्हाला पायऱ्या दाखवाव्या लागत. इतक्या स्मार्ट मीटरला ती अट कशाला?

त्या सवलतीचीही एक कथा आहे. नऊ ते पाच स्वस्त वीज, कारण त्या वेळी सूर्याची वीज भरपूर असते. हिशेब चोख. पण नऊ ते पाच आमच्या घरात असतात कोण? आई आणि बाबा. आई पंखा दोनवर ठेवते, बाबा तो एकवर आणतात. ज्यांच्यामुळे बिल येतं ते सगळे त्या वेळी दुसऱ्याच्या एसीत बसलेले असतात. सवलत जाहीर झाली त्या आठवड्यात बाबांनी फ्रिजवर कागद चिकटवला. वॉशिंग मशीन, इस्त्री, मोटर, मिक्सर, सगळं नऊनंतर. माझ्या बायकोनं तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "बाबा, आठ वीसची बस धरणाऱ्यांनी चटणी सवलतीची खायची असेल तर काय करायचं?" मशीनची एक खेप साधारण अर्धा युनिट. वाचले फार तर आठ आणे. या आठ आण्यांसाठी घरात जे संभाषण झालं त्यात, माझ्या अंदाजानं, दोन पंखे आणि एक ट्यूब पाऊण तास जास्त चालू राहिली.

शेवटी प्रश्न उरला की अ‍ॅपचं लॉगिन कुणाकडे ठेवायचं. पूर्वी घरातली सत्ता तिजोरीच्या किल्लीवरून ठरायची, आता ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो यावरून ठरते. बाबांकडे ठेवलं तर वरचं जोडपं घर सोडून जाईल. भावाकडे ठेवलं तर आई फोन घेणं बंद करेल. माझ्याकडे ठेवायला मुलाचा विरोध, मुलाकडे ठेवायला सगळ्यांचा. वरच्या मीटरचा नंबर आधी बदलून घेतला, तो वरच्यांचा टाकला. बाबा म्हणाले, मालक आपण आहोत. आई म्हणाली, मालक मामंजी आहेत, त्यांची हरकत आली तर बघू.

खालच्या मीटरला आईचा नंबर लागला. सगळ्यांनी लगेच मान्य केलं, कारण जिला आधीच सगळं माहीत आहे तिला आणखी काही कळेल ही भीती नव्हती. तिनं अ‍ॅप उघडून चोवीस खांब एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले, फोन बंद केला, आणि कुणाला काहीही म्हणाली नाही. फक्त त्या रात्री झोपताना बाबांना ऐकू जाईल एवढ्या बेतानं स्वतःशीच बोलली, की नऊनंतर म्हणे युनिटमागे रुपया वाचतो.

बाबा अजूनही बारा महिने गार पाण्यानंच आंघोळ करतात. हल्ली सव्वानऊला करतात.